बारीक म्हणजे उपाशी नव्हे!

‘काय हो, खायला घालता की नाही त्याला?’

माझ्या मैत्रिणीच्या घरी वाघ्या नावाचा कारवान कुत्रा आहे. त्याला घेऊन ती संध्याकाळी सोसायटीच्या गेटबाहेर पडली, की हा प्रश्न ठरलेला. कधी वॉचमनकाका विचारतात, कधी भाजीवाल्या मावशी, तर कधी गाडी थांबवून एखादा अनोळखी माणूस. वाघ्या लातूरकडच्या शेतावरून पुण्यातल्या फ्लॅटमध्ये आला. लांब पाय, खोल छाती, आत ओढलेलं पोट आणि मागच्या दोन-तीन बरगड्यांची पुसटशी रेघ. बघणाऱ्याला वाटतं, बिचारा चार दिवसांचा उपाशी आहे.

एकदा कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. ‘मुक्या जिवाचे हाल’ असं वर लिहिलं. झालं! घरचे शरमले. आजीने तूप-पोळी सुरू केली, बाबांनी चहाबरोबर बिस्किटं, दादाने रात्री दूधभात. आठ महिन्यांत २५ किलोचा वाघ्या ३२ किलोवर गेला. ग्रुपवर कौतुक झालं, ‘आता कसा छान दिसतोय!’ आणि तो छान दिसणारा वाघ्या जिने चढताना मागचा पाय उचलून धरायला लागला. डॉक्टरांनी त्याला काट्यावर उभं केलं आणि एकच वाक्य बोलले, ‘आधी हा उपाशी नव्हता, आता आजारी आहे.’

हे फक्त एका घरात घडत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये ‘मन की बात’मध्ये देशी कुत्र्यांचा विषय निघाला आणि मुधोळ हाउंडचं नाव शहरातल्या पोरांच्या तोंडीही आलं. देशी जाती पाळायची ही आवड चांगलीच आहे. पण जात घरी आणताना तिचा बांधा समजून घेतला नाही, तर आपल्या प्रेमाचा त्रास तिलाच होतो.

कारवान किंवा मुधोळ हा काही काल-परवाचा कुत्रा नाही. आपल्याकडे लातूर, सोलापूर, सांगली, कोल्हापूरच्या गावांमध्ये तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. अंगावर आखूड केस असलेला कारवान, कान-शेपटीला लांब रेशमी केस असलेला पश्मी. सीमेपलीकडे, आजच्या कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात, मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली, म्हणून ती मुधोळ हाउंड. २००५ मध्ये टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर तिकिटं काढली, त्यातही मुधोळ होता. हा नजरेने सावज हेरून धावणारा कुत्रा. ग्रेहाउंड, सलुकी हे त्याच्याच पठडीतले. धावायला हलकं शरीर लागतं, म्हणून अंगावर चरबी कमी, मांड्यांत स्नायू भरपूर. सडपातळ असणं हीच त्याची तब्येत. पैलवानाचा आहार मॅरेथॉन धावणाऱ्याला दिला आणि ‘आता कसा भरलास!’ म्हणालो, तर ते कौतुक म्हणायचं का?

आता तुम्ही म्हणाल, मग बरोबर वजन ओळखायचं कसं? आकड्यांवरून अंदाज येतो. मोठा कारवान साधारण २० ते २८ किलोचा असतो. पण नर-मादी, उंची, हाडांची ठेवण यांनुसार तो बदलतो. त्यापेक्षा हात खरं सांगतो. आधी मूठ आवळा आणि दुसऱ्या हाताची बोटं आपल्याच पेरांवरून फिरवा. कुत्र्याच्या बरगड्या इतक्या टोकदार लागत असतील, तर तो खरंच रोडावलाय. मग पंजा सरळ करून त्याच्या पाठीवरून बोटं फिरवा. हाडं सहज कळतात, पण वर पातळ थर आहे. असं लागलं तर वजन बरोबर. आता तळहात चाचपा. बरगड्या तशा गादीखाली गेल्या असतील आणि दाबून शोधाव्या लागत असतील, तर खाणं जास्त होतंय.

पशुवैद्य यालाच १ ते ९ गुणांच्या पट्टीवर मोजतात. एक म्हणजे अगदी हाडांचा सापळा, नऊ म्हणजे प्रचंड लठ्ठ. चार-पाच गुण उत्तम. वरून बघितलं तर कंबर दिसली पाहिजे, बाजूने बघितलं तर पोट वर ओढलेलं. कारवानच्या बाबतीत शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेच्या हाडाची टोकं किंचित दिसली तरी घाबरायचं कारण नाही.

खरा गोंधळ होतो तो ताटात. वाघ्या गावी ज्वारीची भाकरी आणि दूध खायचा, पण दिवसभर रानात पळायचाही. पुण्यात पळणं गेलं. वीस-वीस मिनिटांचे दोन फेरफटके उरले. खाणं मात्र वाढलं. नसबंदी झालेल्या, घरात राहणाऱ्या २५ किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला ढोबळमानाने १२०० कॅलरी लागतात. मधल्या खाऊचा वाटा त्याच्या दहा टक्क्यांपुढे जाऊ नये, असं पशुवैद्य सांगतात. म्हणजे १२० कॅलरी. घरची मध्यम आकाराची एक पोळी साधारण १००ची. ग्लुकोजचं एक बिस्कीट २० ते २५ कॅलरीचं. म्हणजे पाच बिस्किटांत दिवसाचा खाऊ संपला! घरात चार माणसं असतील आणि प्रत्येकाने ‘एवढंसं’ दिलं, तर हिशोब कुठे जातो बघा. शिवाय भाकरी-पोळीने पोट भरतं, पण स्नायूंना लागणारी प्रथिनं पुरेशी मिळत नाहीत. त्यासाठी अंडं, चिकन किंवा वयानुसार तयार आहार लागतो. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं आणि मनुके मात्र कुत्र्याला कधीच नाहीत.

बारीक राहण्याचा फायदा नुसता दिसण्याचा नाही. अमेरिकेत ४८ लॅब्रेडॉर कुत्र्यांवर पिल्लू असल्यापासून मरेपर्यंत अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं दिलं जायचं. कमी खाणारा गट सुमारे १.८ वर्षं जास्त जगला आणि त्यांची सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. लॅब्रेडॉर हा तर जाडजूड बांध्याचा कुत्रा. मुळात हलक्या बांध्याच्या कारवानच्या सांध्यांवर सात किलो जास्त चढवले, तर काय होणार हे सांगायला अभ्यास कशाला हवा?

पण हे सगळं वाचून कुणी उलटा अर्थ काढू नये. ‘ही जातच बारीक असते’ हे वाक्य हलगर्जीपणा झाकायलाही वापरलं जातं. मणक्याचा एकेक मणी दिसत असेल, मांड्या आत गेल्या असतील, केस निस्तेज झाले असतील, तर तो जातीचा गुण नाही, आजाराची खूण आहे. पोटात जंत, गोचिडांमुळे येणारा ताप, किडलेले दात, मधुमेह, मूत्रपिंडाचा त्रास, काहीही असू शकतं. वजन दहा टक्क्यांनी उतरलं, म्हणजे २५ किलोचा कुत्रा साडेबावीसवर आला, तर दवाखाना गाठायचा. वाट बघायची नाही. पिल्लांचं तर वेगळंच. त्यांना भराभर वाढवायच्या नादात जास्त चारलं, तर हाडं-सांधे बिघडतात आणि जंतांचं औषध चुकवलं, तर अंगच धरत नाही.

म्हणून दर महिन्याला वजन करा. वेगळा काटा लागत नाही. आधी कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने, आणि वजाबाकी करायची. आकडा कॅलेंडरवर लिहायचा. जेवण एकदम न देता दोन वेळा द्यायचं आणि जेवल्या-जेवल्या पळवायचं नाही. खोल छातीच्या कुत्र्यांमध्ये पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो आणि तो जिवावर बेततो. वजन कमी करायचं असेल, तरी आठवड्याला एक-दोन टक्क्यांहून जास्त नाही. वाघ्याला ३२ वरून २६ किलोवर यायला सहा महिने लागले. आजीचं तूप थांबवायला त्याहून जास्त.

आजीला दोष देण्यात अर्थ नाही. होस्टेलवरून घरी गेल्यावर दारातच ‘किती वाळलास रे!’ हे आपणही ऐकतो आणि रात्री ताटात जास्तीची पोळी पडते. आपल्याकडे माया ताटातच दिसते. पण कुत्र्याला ‘बस झालं’ म्हणता येत नाही, वाढलं की तो खातो. त्याच्या वतीने नाही म्हणायचं काम आपलं.

आणि रस्त्यात सडपातळ कुत्रा दिसला, तर मोबाइल काढायच्या आधी मालकाला दोन प्रश्न विचारा. ‘कुठल्या जातीचा आहे?’ आणि ‘वजन किती?’ नीट उत्तर मिळालं, तर त्याला नवीन काहीतरी शिकवल्याबद्दल थँक्यू म्हणा. मिळालं नाही, तर जवळचा पशुवैद्य सुचवा. दोन्ही वेळा कुत्र्याचं भलं होईल. व्हिडिओने वाघ्याच्या वाट्याला काय आलं, ते आपण पाहिलंच.