पाटीवरचा शब्द

माझी उमेदीची वर्षे बँकेत कर्जाच्या टेबलामागे गेली. दिवसा लोकांचे अर्ज वाचायचे आणि रात्री कादंबरी लिहायची, असा दुहेरी संसार. त्या काळी लहानसा धंदा काढू पाहणारा माणूस सल्लागाराकडून छापील प्रकल्प अहवाल करून आणी. पिठाची गिरणी असो की गॅरेज, मजकूर तोच. ‘अमर्याद मागणी’, ‘उज्ज्वल भवितव्य’. मी तो अहवाल बाजूला ठेवी आणि विचारी, “तुमच्याकडे पहिलं गिऱ्हाईक कोण येणार? आणि ते तुमच्याकडेच का येईल?” खरा अर्ज तिथून सुरू होई.

२०२४ च्या जानेवारीत हा प्रश्न मला पुन्हा विचारावा लागला, तो आमच्या सिस्टरांना. पूर्वी त्या एका रुग्णालयात परिचारिका होत्या. आता घरी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांसाठी बायका पुरवण्याचा ब्युरो चालवतात. कर्वेनगरात दीड खोलीचे ऑफिस, हाताखाली वीस-बावीस बायका. माझ्या पत्नीचे खुब्याचे ऑपरेशन झाले तेव्हा त्यांच्याकडची बाई तीन महिने आमच्याकडे होती. तेव्हापासूनचा घरोबा.

“काका, वेबसाइटवर चाळीस हजार घातले,” सिस्टर म्हणाल्या. “सहा महिने झाले, तिच्यावरून एक फोन आलेला नाही. दोन बायकांना काम नाही म्हणून परत पाठवलं. तुम्ही लिहिता ना? जरा बघा, काय चुकलंय.”

मी मोबाइलवर पान उघडले. उघडायलाच चहा निवेल एवढा वेळ. मग प्रकट झाली सोनेरी केसांची एक परदेशी नर्स आणि बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत असलेले एक आजोबा. खाली इंग्रजीत मजकूर. त्याचा मराठीत अर्थ लावला तर ‘सर्वांगीण, करुणामय, जागतिक दर्जाची सेवा-समाधाने’ असा काहीसा निघे. त्याखाली आठ रकान्यांचा फॉर्म. फोन नंबर अगदी तळाशी, करड्या बारीक अक्षरांत, तोही चित्रात कोरलेला. बोट लावून फोन लागण्याची सोय नाही.

“सिस्टर, ही बाई तुमच्याकडे कामाला आहे का?”

सिस्टर हसल्या. पण त्या हसण्यात चाळीस हजारांचे दुःख होते.

हा त्यांचा एकटीचा दोष नाही. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्यानंतरची काही वर्षे वेबसाइट असणे हीच मोठी बढाई होती. आत काय लिहिले आहे हे कोण बघतो? ती सवय अजून गेलेली नाही. शिंपी, केटरर, पाण्याच्या टाक्या धुणारे, हिशेब लिहून देणारे, सगळ्यांच्या पाट्या सारख्याच भरजरी आणि सारख्याच मुक्या.

सिस्टरांच्या पाटीपाशी येऊन थांबतो तो माणूस कोण, याचा आम्ही विचार करू लागलो. रात्रीचे दोन वाजलेले. वडील न्हाणीघरात घसरलेले, उद्या सकाळी रुग्णालयातून घरी सोडणार. मुलगा पुण्यातच असेल, नाहीतर न्यू जर्सीत, जिथे तेव्हा दुपार कलत असते. त्याला जागतिक दर्जा नको आहे. उद्या आठ वाजता बाई येईल का, ती कोण असेल आणि पैसे किती, एवढेच त्याला हवे आहे. तो घाबरलेला आहे. घाबरलेल्या माणसाला आठ रकाने भरायला लावू नयेत.

मी सिस्टरांना दोनशे पानी वही दिली आणि सांगितले, “महिनाभर फोनवर लोक जे जे विचारतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. आणि नंबर कुणाकडून मिळाला, हेही प्रत्येकाला विचारा.” महिन्यानंतर ती वही म्हणजे मला एक कादंबरीच वाटली. ‘रात्रपाळीची बाई मिळेल का?’ ‘नळीने जेवण भरवायचं येतं का?’ ‘आईला मराठीच कळतं, बाई मराठी आहे ना?’ ‘पोलीस पडताळणी केलीय का?’ ‘ती रजेवर गेली तर?’ ‘तिचा चहा-जेवण आमच्याकडे का?’ आम्ही जुना मजकूर काढून टाकला आणि हेच प्रश्न, त्यांच्या उत्तरांसह, मराठीत आणि साध्या इंग्रजीत घातले. कोथरूड, वारजे, कर्वेनगर अशी पेठांची आणि उपनगरांची नावे स्पष्ट लिहिली, कारण माणूस शोधतो तो आपल्या भागाचे नाव घालून. फोन नंबर सर्वांत वर आला. परदेशी नर्स गेली. तिच्या जागी सिस्टरांचा ऑफिसातला, चष्म्यासकट फोटो आला, हलका करून, म्हणजे पान झटकन उघडेल. रुग्णांचे फोटो मात्र एकही नाही. कुणाचे आजारपण ही जाहिरात नव्हे.

दर लिहायला सिस्टर तयार नव्हत्या. “दुसरे ब्युरोवाले बघतील ना!” मी म्हटले, “त्यांना ते आधीच माहीत आहेत. माहीत नाहीत ते फक्त गिऱ्हाइकाला.” बारा तासांचे आणि चोवीस तासांचे दर लिहिले. शिवाय आम्ही काय करत नाही, तेही लिहिले: घरातल्या सगळ्यांची धुणीभांडी बाई करणार नाही आणि अप्रशिक्षित बाई इंजेक्शन देणार नाही. मग कळले, फोन थोडे वाढले. पण घासाघीस करून ठेवले जाणारे फोन बरेच कमी झाले.

मधे एक बँकेतल्या माणसालाच सुचावी अशी शंका आली. वेबसाइटचे नाव कुणाच्या नावावर आहे? निघाले ते ती बनवणाऱ्या मुलाच्या. दर वर्षीच्या नूतनीकरणाची सूचना त्याच्याच ई-मेलवर जाई. म्हणजे लॉकर आपला आणि किल्ली शेजाऱ्याच्या खिशात. मुलगा सज्जन होता, त्याने नाव आणि पासवर्ड मुकाट्याने सिस्टरांच्या हवाली केले. प्रत्येकाच्या नशिबी असा मुलगा असतोच असे नाही.

मग एक गृहस्थ आले. ठरावीक रकमेत पन्नास पंचतारांकित अभिप्राय लिहून देतो म्हणाले. विक्रेत्याने ग्राहकाचे सोंग घेऊन अभिप्राय लिहू नयेत, असे ई-कॉमर्ससाठीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांत आहे, आणि भारतीय मानक ब्युरोने २०२२ साली ऑनलाइन अभिप्रायांसाठी एक मानकही काढले. पण सिस्टरांना नियम सांगावे लागले नाहीत. “खोटा केसपेपर मी कधी भरला नाही,” एवढेच त्या म्हणाल्या.

इथपर्यंत मी गुरू होतो. शेवटच्या वाक्यापाशी मात्र माझी शिकवणी झाली. बाई आली नाही तर काय, या प्रश्नाखाली मी ऐटीत लिहिले: ‘दोन तासांत बदली बाई हजर.’ सिस्टरांनी ते खोडायला लावले. “दिवाळीत नाही जमत, पावसात नाही जमत. लिहू नका.” त्यांनी सांगितले तसे लिहिले: ‘बाई येणार नसेल तर सकाळी नऊच्या आत आम्ही फोन करू. बदली मिळाली नाही तर त्या दिवसाचे पैसे नाहीत. रुग्णाला एकटे ठेवता येत नसेल तर मी स्वतः येईन.’ मला ते वाक्य बोजड वाटले होते. पण रिझर्व्ह बँकेच्या नोटेवर गव्हर्नरांच्या सहीने धारकाला दिलेले वचन असते, म्हणूनच त्या कागदाला किंमत. धंद्याच्या पाटीचेही तसेच. वेबसाइट सुधारणे म्हणजे रंग बदलणे नव्हे. पाळता येईल तेवढेच लिहिणे आणि लिहिले तेवढे पाळणे.

२५ जुलै २०२४ ला मुठेला पूर आला. भिडे पूल पाण्याखाली गेला, सिंहगड रोडवरच्या सोसायट्यांत पाणी शिरले. सिस्टरांच्या तीन बायका नदीपलीकडे अडकल्या. नऊच्या आत तिन्ही घरी फोन गेले. दोन घरांनी सांभाळून घेतले. तिसऱ्या घरी, कोथरूडला, एक आजी एकट्याच होत्या, मुलगा परदेशी. सिस्टर रेनकोट चढवून निघाल्या.

रात्री त्यांचा फोन आला. आवाज दमलेला होता.

“काका, ते वाक्य तसंच राहू द्या.”