चौथ्या रकान्यातले रहिवासी

थायलंडच्या आरोग्य मंत्रालयाने 2019 मध्ये सरकारी रुग्णालयांसाठी नवे दर लागू केले. त्यासाठी रुग्णांचे चार वर्ग पाडले. पहिला वर्ग थाई नागरिकांचा. दुसरा शेजारी देशांतून आलेल्यांचा. तिसरा नोकरी-कामासाठी राहणाऱ्या परदेशी माणसांचा. चौथ्यात पर्यटक आहेत. आणि त्यांच्याच रकान्यात, सर्वांत चढ्या दराला, निवृत्तीनंतर तिथे स्थायिक झालेले परदेशी वृद्ध आहेत.

काल विमानतळावर उतरलेला प्रवासी आणि वीस वर्षे त्याच गल्लीत राहणारा म्हातारा, दोघे एका रकान्यात. या एका नोंदीपाशी थांबायला हवे.

सरकारने आपल्या नागरिकाला स्वस्तात उपचार द्यावेत यात वावगे काही नाही. थायलंडने तर 2002 पासून सर्व नागरिकांना आरोग्यसेवा देणारी योजना उभी केली. ती 30 बातची योजना म्हणून जगभर ओळखली जाते आणि तिचे कौतुक सार्थ आहे. नोकरदार परदेशी माणूस सामाजिक सुरक्षा निधीत वर्गणी भरतो. नेमून दिलेल्या रुग्णालयात त्याला त्या वर्गणीवर उपचार मिळतात. तेही रास्तच. चार दिवस समुद्रकिनारी आलेल्या पर्यटकाने पाय मोडून घेतला तर त्याने किंवा त्याच्या विमा कंपनीने पूर्ण खर्च द्यावा, हेही कोणी नाकारणार नाही. प्रश्न उरतो तो चौथ्या रकान्यात ढकललेल्या रहिवाशाचा.

हा माणूस थायलंडच्या सरकारला अनोळखी नाही. पन्नाशी ओलांडल्याशिवाय त्याला निवृत्तीच्या कारणाने तिथे राहताच येत नाही. त्यासाठी थाई बँकेत 8 लाख बात ठेवावे लागतात किंवा महिना 65 हजार बातचे उत्पन्न दाखवावे लागते. मुक्कामाची मुदत दरवर्षी वाढवून घ्यावी लागते. दर 90 दिवसांनी इमिग्रेशन खात्याला आपला पत्ता कळवावा लागतो. पर्यटकाला असा हिशेब कोणी मागत नाही.

त्याच्याकडून कर येत नाही, हा या दराचा नेहमीचा बचाव. तोही आता टिकत नाही. बाजारात तो जे विकत घेतो त्यातल्या बहुतेक गोष्टींवर 7 टक्के मूल्यवर्धित कर आहे, तो त्याने पहिल्या दिवसापासून भरला. शिवाय 1 जानेवारी 2024 पासून थायलंडच्या महसूल खात्याने नियम कडक केला. वर्षात 180 दिवस किंवा अधिक काळ देशात राहणारा माणूस करासाठी रहिवासी ठरतो. त्याने बाहेर कमावलेले पैसे देशात आणले तर ते करपात्र उत्पन्नात धरले जातात. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या परदेशी वृद्धांमध्ये या नियमाने मोठी खळबळ उडाली, कारण त्यांचे सारे घर त्या आणलेल्या पैशावर चालते.

म्हणजे इमिग्रेशन खात्याकडे त्याचा पत्ता आहे. महसूल खाते त्याला रहिवासी म्हणते आणि त्याच्या उत्पन्नाकडे बोट दाखवते. तो रुग्णालयाच्या खिडकीशी आला की त्याच सरकारचे तिसरे खाते त्याला पर्यटक ठरवते. एका सरकारला एका माणसाबद्दल अशी दोन मते ठेवण्याचा अधिकार नाही. घ्यायच्या वेळी रहिवासी आणि द्यायच्या वेळी पाहुणा, हा व्यवहार सरळ नव्हे.

खिडकीवर काय होते ते पाहा. मधुमेह आणि रक्तदाबाचा जुना रुग्ण. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचे, डॉक्टरांना दाखवायचे, गोळ्यांची पिशवी घेऊन घरी जायचे. केसपेपर त्याच रुग्णालयाचा, त्याच्यावर वर्षानुवर्षांच्या नोंदी. नर्स त्याला नावाने ओळखते. तरी बिल करताना पासपोर्टाची पाने उलटली जातात, शिक्का सापडतो आणि शिक्क्यावरून दर ठरतो. यंत्र तेच, रसायन तेच, तपासणारा हात तोच. शेजारच्या बाकावरच्या थाई कारखानदाराचे रक्त पहिल्या वर्गाच्या दरात तपासले जाते. श्रीमंताने जास्त द्यावे असे धोरण असते तर त्याचेही उत्पन्न विचारले गेले असते. ते कोणी विचारत नाही.

या वर्गवारीविरुद्ध हुआ हिन येथे अनेक वर्षे राहणाऱ्या एका डच गृहस्थाने दावा लावला. फेटचाबुरीच्या प्रशासकीय न्यायालयाने 2021 मध्ये तो फेटाळला. निकाल आहे तो मानला पाहिजे. पण न्यायालयाने एखादी वर्गवारी चालू दिली म्हणून ती न्याय्य ठरत नाही. ती बदलणे मंत्रालयाच्या हातात आजही आहे.

मंत्रालयाची अडचण खोटी नाही. परदेशी रुग्ण बिल न भरता निघून जातात आणि त्याचा बोजा सरकारी रुग्णालयांवर पडतो. विशेषतः पर्यटनाच्या प्रांतांत. मग उपाय कुणावर करायचा? पर्यटकांकडून प्रवेशाच्या वेळीच 300 बात घ्यावेत आणि त्यातून त्यांच्या अपघात विम्याची सोय करावी, अशी योजना थाई मंत्रिमंडळाने फेब्रुवारी 2023 मध्ये मंजूर केली. ती त्याच वर्षी सुरू व्हायची होती. ती पुढे ढकलली गेली. त्यानंतर पुन्हा. पर्यटनाचा धंदा नाराज होईल ही भीती त्यामागे आहे. विमानतळावर ज्याच्याकडून घ्यायचे त्याच्याकडून घेता येत नाही, म्हणून जो इथेच आहे, ज्याचा पत्ता माहीत आहे आणि जो पळून जाणार नाही, त्याला सर्वांत वरचा दर लावायचा. ज्याने कधी बिल बुडवले नाही त्याच्याकडून बुडवणाऱ्याची भरपाई.

विमा का काढत नाहीत, असे विचारणे सोपे आहे. ऑक्टोबर 2019 पासून दीर्घ मुदतीच्या एका निवृत्ती व्हिसासाठी विमा सक्तीचाही झाला. पण सत्तरी उलटलेल्या माणसाला विमा कंपनी दारात उभी करत नाही. केलेच तर हप्ता न झेपणारा असतो आणि जुने आजार वगळलेले असतात. म्हणजे ज्या आजारासाठी विमा हवा तोच बाहेर. खासगी रुग्णालयाचे बिल याहून कितीतरी मोठे. उरते ते सरकारी रुग्णालय. चौथ्या रकान्याचा दर खासगीपेक्षा कमीच आहे, असे सांगून गप्प बसवले जाते. दुसरीकडे जास्त लुटतात हे इथल्या जादा आकारणीचे समर्थन होऊ शकत नाही.

ब्रिटनने ही रेघ वेगळ्या ठिकाणी ओढली आहे. तिथे प्रश्न पासपोर्टाचा नाही, वास्तव्याचा आहे. इंग्लंडमध्ये बाहेरून आलेल्या रुग्णाला सरकारी रुग्णालय ठरलेल्या खर्चाच्या दीडपट बिल लावते. पण देश सोडून कायमचा दुसरीकडे राहायला गेलेला ब्रिटिश नागरिक परत येऊन दाखल झाला, तर सर्वसाधारणपणे त्यालाही बिल येते. उलट तिथे नोकरीला गेलेला मराठी इंजिनिअर व्हिसा घेतानाच आरोग्य अधिभार भरतो. फेब्रुवारी 2024 पासून तो प्रौढ माणसाला वर्षाला 1,035 पौंड आहे. नवरा-बायकोच्या तीन वर्षांच्या व्हिसाला 6,210 पौंड आगाऊ. पगारातून कर आणि राष्ट्रीय विम्याची वर्गणी कापली जाते ती वेगळी. एकाच सेवेसाठी दोनदा पैसे घेतले जातात, ही तिथल्या आपल्या लोकांची तक्रार खरी आहे. तरी एकदा भरल्यावर रुग्णालयात त्याची गणना शेजारच्या इंग्रजाबरोबर होते. रक्कम आधी कळते, आणि आजारी पडल्यावर कोणी रकाना शोधत नाही.

आता आपल्याकडे.

अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये तीस-चाळीस वर्षे काढून, तिथले नागरिकत्व घेऊन, उतारवयात पुण्यात किंवा नाशिकला परतलेली मंडळी आता अनेक सोसायट्यांत आहेत. त्यांच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असते. केंद्र सरकारने 4 मार्च 2021 च्या अधिसूचनेत या कार्डधारकांचे हक्क नोंदवले. देशांतर्गत विमानाच्या भाड्यात त्यांना भारतीय नागरिकाचा दर. राष्ट्रीय उद्याने, अभयारण्ये, स्मारके, संग्रहालये यांच्या प्रवेश शुल्कातही भारतीय नागरिकाचा दर. म्हणून अजिंठ्याच्या खिडकीवर परदेशी पर्यटकाला 600 रुपये पडतात, तिथे हा माणूस भारतीयाचे 40 रुपये देतो. तिथे बिमस्टेक देशांच्या पाहुण्यांनाही भारतीयांचाच दर आहे, त्यामुळे थाई नागरिकही 40 रुपयांतच लेणी पाहतो. चांगली गोष्ट आहे.

त्या यादीत रुग्णालय नाही.

मोठ्या खासगी रुग्णालयांत आंतरराष्ट्रीय रुग्णांसाठी स्वतंत्र कक्ष असतो आणि वेगळे दर असतात. नैरोबीहून किंवा मस्कतहून शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्या रुग्णाला व्हिसाचे पत्र, दुभाषा, विमानतळावर गाडी, नातेवाइकांची राहण्याची सोय हे सारे लागते. त्याचे पैसे घ्यावेत. पण कोथरूडमध्ये राहणाऱ्या, रिक्षाने आलेल्या आणि मराठीत बोलणाऱ्या आजोबांना यातले काय लागते? दाखल करताना पासपोर्ट पुढे आला की खोलीपासून शस्त्रक्रियेपर्यंतचा अंदाज वेगळ्या पत्रकावरून काढला जाऊ शकतो. घरचे लोक त्या क्षणी घासाघीस करण्याच्या मनःस्थितीत नसतात. अनेकदा वेगळा दर लागला आहे हे घरी गेल्यावर, दुसऱ्या कोणाचे बिल पाहून कळते.

इथेही विसंगती थायलंडसारखीच आहे. वर्षात 182 दिवस भारतात राहिला की हा माणूस आयकर कायद्याने रहिवासी. आधार कायद्यातही रहिवासाची अट हीच, बारा महिन्यांत 182 दिवस; आधार मिळायला नागरिकत्व लागत नाही. त्याहून ठळक गोष्ट त्या 2021 च्या अधिसूचनेतच आहे. ओसीआय कार्डधारक डॉक्टर, नर्स किंवा फार्मासिस्ट असेल तर अनिवासी भारतीयांच्या बरोबरीने त्याला इथे व्यवसाय करता येतो. तो वॉर्डात उपचार करताना आपला. त्याच वॉर्डात खाटेवर पडला की परदेशी.

खासगी रुग्णालयाचे दर सरकारने का ठरवावेत, असा आक्षेप येईल. दर ठरवायला कोणी सांगत नाही. इथे राहणाऱ्याला इथलाच दर लावा, एवढेच म्हणणे आहे. विमान कंपन्याही खासगीच आहेत. ओसीआय कार्डधारकाकडून भारतीय प्रवाशाइतकेच भाडे घ्यायचे, हा नियम त्यांना लागू झालाच. मुंबई-नागपूर प्रवासात जे शक्य आहे ते हृदयाच्या शस्त्रक्रियेत अशक्य का असावे?

थायलंडने आपल्या महसूल खात्याची व्याख्या आपल्याच आरोग्य खात्याला लावावी. 180 दिवस राहणारा जर करासाठी रहिवासी असेल, तर रुग्णालयातही तो रहिवासी असला पाहिजे. पहिल्या वर्गात नको, पण पर्यटकांच्या रकान्यातून त्याला बाहेर काढा. आणि केंद्र सरकारने 4 मार्च 2021 च्या अधिसूचनेत, विमानभाडे आणि स्मारकांच्या खाली, तिसरी नोंद घालावी: रुग्णालयातील उपचारांचे दर. तोवर ज्यांच्या घरी असे आई-वडील, काका-मावशी आहेत त्यांनी दाखल करण्यापूर्वीच कोणते दरपत्रक लावणार ते विचारावे, लेखी घ्यावे आणि त्यावर रुग्णालयाचा शिक्का घ्यावा.