दारावर तपासणी, बंदूक मात्र घरात

अमेरिकेत शाळेत गोळीबार झाला, की प्रवेशद्वारावर मेटल डिटेक्टर बसवण्याची मागणी होते. पालकांची भीती खरी आहे. २०२० मध्ये तिथे १ ते १९ वयोगटातील मृत्यूंचे पहिले कारण बंदूक हेच ठरले. पण उपायही तपासून घ्यायला हवा.

दीड हजार मुले आणि प्रत्येकाला दहा सेकंद धरले, तरी चार दारांवर तासाहून अधिक वेळ जातो. बाहेर ताटकळणारी रांगच मग सोपे लक्ष्य ठरते. कोणत्याही चाळणी चाचणीचा नियम इथेही लागू पडतो: शोधायची गोष्ट जितकी दुर्मीळ, तितके खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण जास्त. लॅपटॉपवर यंत्र रोज वाजू लागले, की पहारेकऱ्याचे लक्ष बोथट होते. २००५ मध्ये मिनेसोटातील रेड लेकच्या शाळेत डिटेक्टर होता. हल्लेखोराने दारावरच्या नि:शस्त्र रक्षकालाच मारून आत प्रवेश केला.

सीक्रेट सर्व्हिसच्या २०१९ च्या अहवालानुसार, शाळेत गोळीबार करणाऱ्या बहुतेकांना बंदूक आईवडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या घरातूनच मिळाली होती. तेव्हा पैसा आधी घरातल्या बंदुकीच्या कुलपावर आणि मुलांचे ऐकून घेणाऱ्या समुपदेशकांवर खर्च व्हावा. दुखणे घरात असताना औषध दाराला लावून गुण येत नाही.