उद्याचा प्रवासी आणि आजचा शेतकरी

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून विमाने उडू लागली. पहिल्या टप्प्यावर सुमारे १९,६५० कोटी रुपये खर्च झाले. त्याची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवाशांची आहे; योजनेचे अंतिम उद्दिष्ट मात्र नऊ कोटींचे आहे. म्हणजे आज जे उभे राहिले ते आराखड्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. उरलेले सारे भविष्याच्या पोटात आहे, आणि त्या भविष्याची किंमत कोण मोजतो, हाच या लेखाचा विषय आहे.

आमच्या हिंगोलीतील एका तरुण कार्यकर्त्याने मला विचारले, ‘‘सर, आपल्याकडे एस.टी. वेळेवर येत नाही. मुंबईच्या विमानतळाशी आपला काय संबंध?’’ प्रश्न रास्त आहे. पण संबंध आहे आणि तो जवळचा आहे. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीत जे बारा जिल्हे धरले गेले, त्यांत हिंगोली आहे. विमानतळासाठी जमीन घेण्याची जी रीत रूढ होत आहे, तीच उद्या आमच्या हळदीच्या रानात येणार आहे.

प्रथम एक गोष्ट निखळपणे मान्य केली पाहिजे. मुंबईला दुसऱ्या विमानतळाची गरज होती. सांताक्रूझच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी पूर्णपणे वापरता येत नाहीत. आणि तरी २०२४-२५ साली तेथून सुमारे साडेपाच कोटी प्रवाशांनी ये-जा केली. आधुनिक वाहतुकीला विरोध करणे हे समाजवाद्यांचे काम नव्हे. आमचा आक्षेप वेगळा आहे. दूरच्या मुदतीच्या नियोजनात धोका एकाने पत्करावयाचा आणि नफा दुसऱ्याने घ्यावयाचा, ही जी वाटणी ठरून गेली आहे, तिला आमचा विरोध आहे.

नवी मुंबईचा विमानतळ सुमारे १,१६० हेक्टरांवर आहे. त्यासाठी दहा गावे उठली, उलव्याची टेकडी सपाट झाली, उलवे नदीचा प्रवाह वळविला गेला. कंपनीत अदानी समूहाचा वाटा ७४ टक्के, सिडकोचा २६ टक्के. उत्पन्नातील काही हिस्सा सिडकोला मिळतो. परंतु ज्यांची शेते, मिठागरे आणि खाड्या गेल्या, त्यांचा त्या उत्पन्नात कायमचा वाटा कोठे आहे? त्यांना साडेबावीस टक्के विकसित भूखंड देऊ केले गेले, हे खरे. पण हेही कोणाच्या कृपेने मिळालेले नाही. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरणचे शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले, आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व पुढे आले. पुढच्या प्रत्येक टक्क्यामागे त्या पाच जणांचे रक्त आहे.

आता भाकितांकडे वळू. वीस-पंचवीस वर्षांनंतर किती लोक विमानाने जातील, हे सांगणारा आकडा म्हणजे अनुमान असते. ते चुकले तर? कॅनडात माँट्रियलजवळ मिराबेल येथे १९६९ साली सुमारे ९७ हजार एकर जमीन सक्तीने घेण्यात आली. वर्षाला पाच कोटी प्रवासी येतील, असे स्वप्न होते. १९७५ साली विमानतळ सुरू झाला; प्रवासी आले नाहीत. २००४ मध्ये प्रवासी वाहतूक थांबली आणि पुढे ती इमारतही पाडण्यात आली. पुष्कळशी जमीन शेतकऱ्यांना परत देण्याची पाळी सरकारवर आली. उद्ध्वस्त झालेली आयुष्ये मात्र परत देता आली नाहीत.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. आमच्या शेजारचे नांदेड घ्या. २००९ साली नांदेड, लातूर, यवतमाळ, उस्मानाबाद आणि बारामती हे विमानतळ ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने एका खाजगी कंपनीकडे सोपविण्यात आले. ९५ वर्षे! त्यानंतर नांदेडची विमानसेवा किती वेळा सुरू झाली आणि किती वेळा बंद पडली, हे मराठवाड्यातील वाचकांना मी सांगावयास नको.

पुरंदरची कथा तर ताजी आहे. पारगाव, वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी ही ती सात गावे. यांपैकी खानवडी हे महात्मा फुल्यांचे मूळ गाव म्हणून ओळखले जाते. आरंभी अडीच हजार हेक्टरांहून अधिक जमीन ‘अनिवार्य’ होती. २०२५ च्या मे महिन्यात ड्रोन सर्वेक्षणाला गावकरी आडवे आले, लाठ्या चालल्या. त्याच वर्षी मागणी सुमारे तेराशे हेक्टरांवर आली. मग पहिल्या आकड्यातील निम्मी जमीन कोणाच्या भविष्यासाठी हवी होती?

कायदा काय करतो, तेही पाहा. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचे मूल्यमापन सक्तीचे केले आणि सरकार-खाजगी भागीदारीच्या प्रकल्पाला सत्तर टक्के बाधितांची संमती आवश्यक ठरविली. महाराष्ट्राने २०१८ च्या दुरुस्तीने औद्योगिक विकास अधिनियम, महामार्ग अधिनियम आदी कायद्यांखालील संपादनाला या दोन्ही अटींतून सूट देऊन टाकली. पुरंदरला पहिल्या कायद्याचा आधार घेतला गेला. शक्तिपीठासाठी दुसरा हाताशी आहे. भरपाईचा आकडा मोठा असेलही. परंतु ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार गेला की दर ठरविणे ही एकतर्फी गोष्ट होते.

शेतकऱ्यांना विचारत बसलो तर विकास थांबेल, असे सांगितले जाते. जपानने १९६६ साली नारिता येथे न विचारताच विमानतळ ठरविला. शेतकरी व विद्यार्थी लढले. विमानतळ उघडावयास १९७८ साल उजाडले आणि दुसरी धावपट्टी २००२ पर्यंत रखडली. अखेर १९९५ मध्ये मुरायामा या समाजवादी पंतप्रधानांनी शेतकऱ्यांची क्षमा मागितली. न विचारण्याने वेळ वाचत नाही, हा त्याचा धडा.

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. पुढील टप्प्यांची जमीन आज संपादू नये. ती आरक्षित करावी, शेतकऱ्याने ती कसत राहावे, आणि त्या बंधनाबद्दल त्याला दरवर्षी मोबदला मिळावा. प्रवासीसंख्येचे अनुमान कोणत्या गृहीतांवर बांधले, ते गावसभेपुढे मराठीत मांडावे. विमानतळाच्या उत्पन्नात विस्थापितांचा वारसाहक्काने चालणारा वाटा असावा, आणि त्यात भूमिहीन मजूर व मच्छीमार यांची गणना व्हावी. २०१८ ची दुरुस्ती रद्द व्हावी.

जाता जाता एक हिशेब मांडतो. प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करणाऱ्या दांडेकर समितीने १९८४ साली राज्यातील अनुशेष सुमारे ३,१८६ कोटींचा ठरविला. त्यात मराठवाड्याचे मोठे देणे होते. ते मागितले की उत्तर मिळते, निधी उपलब्ध होईल तसे पाहू. चाळीस वर्षांपूर्वी मोजलेल्या देण्याला सवड आहे. अजून न जन्मलेल्या प्रवाशासाठी मात्र जमीन आजच हवी! येलदरी, सिद्धेश्वर, ईसापूर या धरणांच्या वेळी ज्यांनी रान सोडले, त्यांना निदान शेजारच्या शिवारात पाणी खेळेल एवढी आशा तरी होती. येथे तीही नाही.

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा येथील कार्यकर्त्यांनी म्हणूनच पुरंदरचा आणि उलव्याचा लढा परका मानू नये. गावोगाव ग्रामसभांत या मागण्यांचे ठराव मांडा. मोजणीचे खांब रोवले गेल्यानंतर जागे होण्यात काही अर्थ नाही.