पहाटेची गाडी आणि आपले कर्तव्य

ता. 1 जून 1948 रोजी पुण्याहून नगरास सरकारी मोटारगाडी प्रथम सुटली आणि एस.टी.चा जन्म याच रस्त्यावर झाला, ही गोष्ट नगरकर मोठ्या अभिमानाने सांगतात. हा अभिमान योग्यच आहे. परंतु ती गाडी कशासाठी सुटली याचे स्मरण अभिमानाइतके जागे राहिलेले दिसत नाही. तत्पूर्वी उतारूंची वाहतूक खाजगी मोटारमालकांच्या हाती होती. गाडी भरली म्हणजे सुटावयाची, न भरली तर बसलेल्यांनी ताटकळत राहावयाचे, आणि ज्या वाटेवर उतारू थोडे त्या वाटेवर गाडीच जावयाची नाही, असा तो व्यवहार होता. गाडी नेमल्या वेळी सुटेल, मग आत दहा माणसे असोत की चाळीस, हे वचन लोकांस देता यावे म्हणून सरकारने हे काम अंगावर घेतले. ते वचन मोडले म्हणजे काय होते, हे या जिल्ह्याने 2021-22 च्या हिवाळ्यात पुरतेपणी अनुभविले. तो अनुभव अगदीच विस्मृतीत जाण्यापूर्वी त्यापासून काही बोध घ्यावा, असे आम्हांस वाटते.

2021 च्या ऑक्टोबर अखेरीस, ऐन दिवाळीच्या तोंडावर, एस.टी. कामगारांचा संप सुरू झाला. महामंडळाचे राज्य सरकारात विलीनीकरण करावे, ही त्यांची मुख्य मागणी होती. उच्च न्यायालयाने मनाई केली, ता. 24 नोव्हेंबर रोजी सरकारने नोकरीच्या वर्षांप्रमाणे मूळ पगारात 5,000, 4,000 व 2,500 रुपयांची वाढ जाहीर केली. निलंबने झाली, बडतर्फीचे हुकूमही सुटले. तथापि बहुसंख्य कामगार हटले नाहीत. अखेर ता. 7 एप्रिल 2022 रोजी उच्च न्यायालयाने 22 एप्रिलपर्यंत कामावर रुजू होण्यास सांगितले, तेव्हा कोठे गाड्या पुन्हा रस्त्यावर आल्या. म्हणजे आश्विनाच्या अखेरीपासून चैत्रापर्यंत, थंडीचा सबंध हंगाम, आगारांची दारे बहुतांशी बंद राहिली. आणि शाळा तर दीड वर्षाच्या खंडानंतर ता. 4 ऑक्टोबर रोजी नुकत्याच उघडल्या होत्या.

ज्यांच्या दारात स्वतःचे वाहन आहे त्यांस या सहा महिन्यांचा अर्थ कळणे कठीण आहे. आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. चौदा तालुके आणि सतरा हजार चौरस किलोमीटरांचा विस्तार. दौंड-मनमाड लोहमार्ग 1878 सालापासून आहे खरा, परंतु पाथर्डी, शेवगाव, नेवासे, जामखेड, संगमनेर, अकोले या गावांस रेल्वेचा रूळ लागलेला नाही. पाथर्डीहून नगर सुमारे 50 किलोमीटर, मध्ये करंजीचा घाट. जामखेडहून सुमारे 75. या अंतरावरून कोणी नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर येतो, कोणी सुप्याच्या कारखान्यात जातो, कोणी कापडबाजारात गुमास्ता आहे, कोणी मार्केट यार्डात हमाल आहे, कोणी बाई इस्पितळात आया आहे. पौषात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. ज्याची पाळी सकाळी सातला लागते, त्यास घर सोडावे लागते ते मिट्ट काळोखात. आणि सायंकाळी सहालाच दिवस मावळत असल्यामुळे त्याचे परतणेही काळोखातच. उन्हाळ्यात चार कोस पायी तुडविता येतात, पावसाळ्यात झाडाखाली थांबता येते. परंतु माळरानावरच्या पहाटेच्या गार वाऱ्यात उघड्या फाट्यावर तासभर उभे राहणे म्हणजे काय, हे उभे राहणाराच जाणे.

या काळोखावर तोड म्हणून एस.टी.ने एक मोठी शहाणी रीत पाडली होती. ती मुक्कामी गाडीची. संध्याकाळची शेवटची गाडी गावी जाते, रात्री तेथेच राहते आणि तांबडे फुटण्यापूर्वी तीच गाडी पहिली म्हणून परत निघते. ज्या गावी गाडी मुक्कामास आहे त्या गावच्या माणसास शहरात नोकरी धरता येते, मुलीस कॉलेजात घालता येते, दुधाची किटली व भाजीचे गाठोडे वेळेवर बाजारी पोचविता येते. ज्या गावी ती नाही, त्या गावच्या माणसाने एक तर शहरात खोली भाड्याने घ्यावी, नाही तर नोकरीची आशा सोडावी. दुपारची एखादी गाडी रद्द झाली तर माणसाची गैरसोय होते. पहाटेची गाडी रद्द झाली तर त्याचा रोजगार बुडतो. हा भेद लक्षात घेतल्यावाचून या प्रश्नाचा उलगडा होणार नाही.

संपाच्या काळात गाड्यांची जागा कोणी घेतली? सरकारने ता. 8 नोव्हेंबर 2021 रोजी खाजगी बसगाड्या, शाळांच्या गाड्या, इतकेच नव्हे तर मालवाहू वाहनांसही उतारू नेण्याची परवानगी दिली. वडापाच्या जीपगाड्या होत्याच. आणीबाणीत हे करणे भागच होते, आणि त्या चालकांमुळे अनेकांचे दिवस निभावले हेही नाकारता येणार नाही. परंतु या व्यवहाराचा कायदा कोणता होता, हे पाहण्यासारखे आहे. गाडी भरल्यावाचून सुटावयाची नाही. भाडे गरजेप्रमाणे चढावयाचे. रात्र पडली की वाहन नाही. आडवाटेच्या गावास तर दिवसाही नाही. विद्यार्थ्याचा पास तेथे चालत नाही, वृद्धाची सवलत चालत नाही, मुलींच्या शिक्षणासाठी अहिल्याबाई होळकरांच्या नावे दिलेला मोफत पासही चालत नाही. थोडक्यात, 1 जून 1948 च्या पूर्वीचा काळ त्या हिवाळ्यात पुन्हा अवतरला. ज्या घरात एकाच्याच प्रवासाचा खर्च झेपेल, त्या घरात मुलीची शाळा आधी थांबते आणि मुलाची मागाहून, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे.

आता कोणी म्हणेल, हा सारा दोष संपवाल्यांचा. आमचे मत तसे नाही. संपाच्या आरंभीच, ऑक्टोबरच्या अखेरीस, याच जिल्ह्यातील शेवगाव आगारात एका चालकाने आत्महत्या केली, ही घटना कोणत्याही नगरकराने विसरू नये. लोकांस वेळेवर पोचविणाऱ्या माणसाचा पगारच वेळेवर पोचत नसेल, तर त्याने कोणाच्या तोंडाकडे पाहावे? संपाच्या काळात सरकारने दर महिन्याच्या 10 तारखेच्या आत पगार देण्याची हमी दिली. हमी द्यावी लागली, यातच तत्पूर्वीच्या कारभाराची कबुली आहे. एका हाताने तिकिटावर प्रवासी कर घ्यावयाचा, दुसऱ्या हाताने सवलतींचा भार महामंडळावर टाकावयाचा, आणि मग महामंडळ तोट्यात आहे म्हणून चालक-वाहकांस सबुरीचा उपदेश करावयाचा, हा न्याय नव्हे. संप हे कामगाराचे शेवटचे शस्त्र आहे व ते त्याच्या हातून काढून घ्यावे असे आम्ही कदापि म्हणणार नाही.

परंतु त्याचबरोबर हेही म्हटले पाहिजे की, या शस्त्राचा घाव ज्याच्यावर पडला तो मंत्रालयातील अधिकारी नव्हता. तो पडला हमालावर, गुमास्त्यावर, आयावर, म्हणजे चालकाच्या स्वतःच्याच भावकीतील माणसांवर. दोन्ही पक्ष गरीब, दोन्ही पक्षांची बाजू खरी. आणि ज्यांनी वेळीच तोड काढावयाची ते मात्र आपापल्या मोटारीतून फिरत राहिले. हा प्रसंग पुन्हा येणार नाही असे समजण्याचे कारण नाही. 2017 च्या दिवाळीत चार दिवस गाड्या बंद होत्या. 2024 च्या सप्टेंबरात गणेशोत्सवाच्या तोंडावर पुन्हा संप झाला. मार्च 2023 पासून स्त्रियांस अर्धे तिकीट लागू झाले आहे, तेव्हा पुढच्या वेळी फाट्यावर ताटकळणाऱ्यांत आयाबहिणींची संख्या पूर्वीपेक्षा अधिक असेल.

यास्तव आमची सूचना एकच आहे आणि ती अगदी व्यवहार्य आहे. प्रत्येक मार्गावरील पहाटेची पहिली व सायंकाळची शेवटची गाडी कोणत्याही कारणाने बंद पडू नये, असा करार सरकार, महामंडळ व कामगारांच्या संघटना यांनी शांततेच्या काळात करून ठेवावा. अशा गाड्यांची यादी प्रत्येक आगाराने तयार करून बसस्थानकावर व ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावी. संप झालाच, तर या दोन फेऱ्यांवर कोणी जावे हे संघटनेनेच पाळीपाळीने ठरवावे, आणि त्यांचा पगार कापला जाऊ नये. उलटपक्षी सरकारने पगाराची तारीख कायद्याप्रमाणे पाळावी, आणि पगाराचा तंटा ठरावीक मुदतीत लवादापुढे नेण्याचे बंधन स्वतःवर घालून घ्यावे. एका बाजूने वचन मागावयाचे व दुसरीने ते मोडावयाचे, असा करार टिकणार नाही.

हे केवळ मनोराज्य नाही. इटली देशात 1990 साली याच विषयाचा कायदा झाला. तेथे संपाचा हक्क शाबूत आहे. किंबहुना तेथील संप प्रसिद्धच आहेत. परंतु संपाच्या दिवशीही कामकाजाच्या वारी सकाळी 6 ते 9 व सायंकाळी 6 ते 9 या वेळांत लोकांच्या नित्याच्या रेल्वेगाड्या चालविल्याच पाहिजेत, असा तेथे दंडक आहे, व तो पाळला जातो की नाही हे पाहण्यास स्वतंत्र मंडळ आहे. दुपारी गाड्या थांबतात, सरकारची अडचण होते, वृत्तपत्रे ओरड करतात; मजूर मात्र कामावर जातो व घरी परततो. संपाची धार यामुळे बोथट होईल, अशी शंका आमच्या कामगार बंधूंस येईल. आमच्या मते होईल ते उलटच. ज्या संपात लोकांचा रोजगार बुडत नाही त्या संपास लोकांची सहानुभूती राहते, आणि लोकांची सहानुभूती असलेला संप सहा महिने रेंगाळण्याचे कारण उरत नाही.

राहिला खर्चाचा प्रश्न, आणि येथे आम्ही आमच्या व्यापारी व कारखानदार वाचकांकडे वळतो. कमी उतारूंची पहाटेची फेरी तोट्यात जाते, हे खरे आहे. परंतु त्या फेरीने आलेला मनुष्य ज्याचे दुकान उघडतो, ज्याचे यंत्र चालवितो, ज्याच्या मालाची पोती उचलतो, त्यास त्या फेरीचा नफा होतोच. फ्रान्समध्ये हा हिशेब फार पूर्वीच ओळखला गेला. पॅरिसच्या टापूत 1971 सालापासून नोकर ठेवणाऱ्या धन्यांकडून सार्वजनिक वाहतुकीसाठी कर घेतला जातो, व पुढे तो इतर शहरांसही लागू झाला. आपल्याकडे कायदा होईल तेव्हा होवो. नागापूर व सुपे येथील कारखानदारांनी आणि बाजारपेठेतील व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन, ज्या पाच-दहा मार्गांनी त्यांची माणसे येतात त्या मार्गांच्या पहाटेच्या फेऱ्यांची तूट भरून देण्याची बोलणी आगारांशी करण्यास आज कोणाची आडकाठी आहे? शिवाय काही गोष्टींस पैसाही लागत नाही. शेवटची गाडी साडेआठला सुटत असेल, तर नोकरास नऊपर्यंत गल्ला मोजीत बसविणे हा धर्म नव्हे. कारखान्याची पाळी लावताना गाडीचे वेळापत्रक समोर ठेवावे, आणि गाडी चुकली म्हणून उशिरा आलेल्याची अर्धी हजेरी कापण्यापूर्वी आपण स्वतः त्या दिवशी कशाने आलो याचा विचार करावा.

गावांकडेही काही कर्तव्य येते. मुक्कामी गाडीचे चालक-वाहक थंडीच्या रात्री कित्येक ठिकाणी गाडीतच, बाकावर अंग मुडपून निजतात; सकाळी तोंड धुण्यास पाणी मिळेल तर नशीब. ज्या गावास आपली गाडी टिकावी असे वाटते, त्या ग्रामपंचायतीने दोन खाटांची एक खोली, दिवा, पाणी व शौचकूप एवढी सोय केलीच पाहिजे. पाहुणा म्हणून नव्हे, तर आपल्या गावचा मनुष्य म्हणून त्यांची विचारपूस झाली, तर संपाच्या दिवशीही त्या गावाकडे पाठ फिरविणे त्यांस जड जाईल. आणि ज्या गावची मुक्कामी गाडी बंद झाली व परत आली नाही, त्या गावाने ग्रामसभेचा ठराव करून आगारप्रमुखाच्या हाती द्यावा व उत्तर लेखी मागावे.

या जिल्ह्यास 2024 साली अहिल्यादेवींचे नाव देण्यात आले. त्यांचा जन्म जामखेड तालुक्यातील चौंडीचा. काशीपासून रामेश्वरापर्यंत त्यांच्या दानधर्माची ख्याती आहे ती देवालयांइतकीच घाट, विहिरी व धर्मशाळांसाठी, म्हणजे वाटसरूच्या सोयीसाठी. त्यांचे नाव पाट्यांवर आले. त्यांचा कित्ता रस्त्यावर यावयाचा आहे. पुढचा हिवाळा येण्यापूर्वी माळीवाडा, तारकपूर, पाथर्डी, शेवगाव, जामखेड येथील बसस्थानकांवर कधीही बंद न पडणाऱ्या गाड्यांची यादी लागली, तर ती त्या नावास शोभेल. व्यापारी मंडळांनी हा विषय आपल्या येत्या सभेत घ्यावा, कामगार संघटनांनी त्यांस बोलणीस बोलवावे, आणि लोकप्रतिनिधींनी दोहोंस एका बैठकीस बसवावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.