प्रमाणपत्राने अणुभट्टी उभी राहत नाही

मे १९९८ मध्ये पोखरणच्या वाळवंटात अणुस्फोट झाले, तेव्हा घरोघरी पेढे वाटले गेले. त्या पेढे वाटणाऱ्या घरांतील किती मुलांनी पुढे अणुऊर्जेच्या बांधकामावर उमेदीची वर्षे घातली, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. आज अभियांत्रिकीची पदवी हाती पडते न पडते तोच मुलाला ‘प्रोजेक्ट मॅनेजर’ व्हायचे असते. त्यासाठी एखाद्या परदेशी संस्थेचे प्रमाणपत्र आणि हिंजवडीतील वातानुकूलित कक्ष पुरेसा आहे, अशी पालकांचीही समजूत असते. संगणकाच्या व्यवसायात ती कदाचित चालून जाईल. अणुभट्टीच्या बाबतीत ती घातक आहे.

१३ मे १९९४ रोजी कर्नाटकात कैगा येथील पहिल्या भट्टीचा काँक्रीटचा आतील घुमट बांधकाम चालू असतानाच कोसळला. भट्टीत इंधन नव्हते, म्हणून किरणोत्सर्गाचा प्रश्न उद्भवला नाही. परंतु आराखडा नव्याने तपासावा लागला, घुमट पुन्हा उभारावा लागला आणि ती भट्टी व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागली ती थेट नोव्हेंबर २००० मध्ये. वेळापत्रकातील चौकोन रंगवणाऱ्याला असा घुमट कळत नसतो. वेल्डिंगच्या सांध्यांची तपासणी, काँक्रीटच्या प्रत्येक थराची नोंद, नियामक मंडळाची टप्प्याटप्प्याने मिळणारी अनुमती, हे सारे ज्याने उन्हात उभे राहून अनुभवले, त्यालाच ऐन वेळी ‘काम थांबवा’ म्हणण्याचे धैर्य होते. प्रकल्प-व्यवस्थापकाची खरी कसोटी ती.

आपल्याला हे जमत नाही असे कोण म्हणतो? तारापूरच्या चौथ्या भट्टीचे काँक्रीट मार्च २००० मध्ये पडले आणि मार्च २००५ मध्ये, नियोजित मुदतीच्या आधीच, तीत शृंखला प्रक्रिया सुरू झाली. उलट काक्रापारच्या तिसऱ्या भट्टीला त्याच टप्प्यासाठी नोव्हेंबर २०१० पासून जुलै २०२० पर्यंत वाट पाहावी लागली. नव्या रचनेची पहिलीच भट्टी, यंत्रसामग्रीचा रखडलेला पुरवठा, ही कारणे खोटी नव्हेत. पण पुरवठादाराच्या कारखान्यात जाऊन ठाण मांडणे हेही व्यवस्थापकाचेच काम नव्हे काय?

या कामाची वाट लांब आहे, पण अनोळखी नाही. तुर्भे येथे १९५७ पासून प्रशिक्षणशाळा चालू आहे. अणुऊर्जा महामंडळ ‘गेट’ परीक्षेच्या गुणांवर पदवीधर निवडून त्यांना वर्षभर शिकवते. त्यानंतर बांधकामस्थळी काढलेली वर्षे, हीच खरी पदव्युत्तर पदवी. डॉ. अनिल काकोडकर मुंबईच्या व्हीजेटीआयमधून याच वाटेने गेले. ‘ध्रुव’ या संशोधन भट्टीच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. १९८५ मध्ये सुरू झालेल्या त्या भट्टीत इंधनाच्या कंपनांनी घोर निर्माण केला. तो दोष आपल्याच अभियंत्यांनी दूर केला, आणि १९८८ मध्ये ती पूर्ण क्षमतेने चालू झाली. व्याख्यानमालांतून काकोडकरांना टाळ्या देणाऱ्यांनी ती मधली वर्षे आठवावीत.

२०४७ पर्यंत १०० गिगावॅटचे लक्ष्य देशाने ठरविले आहे. आजची क्षमता नऊ गिगावॅटच्याही आतच आहे. डिसेंबर २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने खासगी उद्योगांनाही दार उघडले. पैसा उभा राहील, यंत्रेही येतील. व्यवस्थापक मात्र बाजारात तयार मिळत नाहीत. आणि खासगी कंपन्यांनी घाईपोटी नुसते प्रमाणपत्रधारक भरले, तर कैगाचा घुमट विसरला गेला असेच म्हणावे लागेल.

राहता राहिला घरातला प्रश्न : ‘रावतभाट्याला जाऊन राहणाऱ्या मुलाला मुलगी कोण देणार?’ आणि त्याहून हळू आवाजात, ‘तिथे किरणोत्सर्ग असतो ना?’ इंधन भरण्यापूर्वीच्या बांधकामावर धोका असतो तो उंचीचा आणि क्रेनचा, कोणत्याही मोठ्या धरणावर असतो तसाच. आज बाविशीत असलेला अभियंता २०४७ मध्ये ऐन चाळिशीत असेल, म्हणजे एखादी भट्टी स्वतःच्या जबाबदारीवर उभारण्याच्या वयात. त्याला बांधकामावर जायचे असेल, तर यंदाच जावे लागेल.