वाचवलेली जागा कोणाची?

‘जागा वाचवणारं फर्निचर’ म्हटलं की मला एकच प्रश्न पडतो. वाचवलेली जागा शेवटी जाते कोणाच्या वाट्याला?

निमित्त दादाच्या डोंबिवलीच्या घराचं. वन बीएचके, माणसं पाच. नवा आराखडा पाहिला आणि खरं सांगायचं तर बराचसा आवडलाच. बाथरूमला सरकतं दार. अडीच फुटी दार उघडायला जवळजवळ पाच चौरस फूट जमीन मोकळी ठेवावी लागते, ती सुटली. स्वयंपाकघरात भिंतीला घडीचं टेबल, पॅसेजवर पोटमाळा. झकास!

पण आई? तिच्यासाठी हॉलमध्ये सोफा-कम-बेड. म्हणजे टीव्ही बंद होईपर्यंत तिने झोपायचं नाही, आणि दुपारी कोणी आलं की उठून बसायचं. रोज तो ओढून उघडायचा कोणी? गुडघे तिचे दुखतात.

यावर ठरलेलं उत्तर, "चाळीत नाही का राहिलो आपण?" राहिलो ना! १९२०च्या दशकातल्या बीडीडी चाळींत खोली १६० चौरस फुटांची. आमची गिरगावातली त्याहून लहान, दहा बाय बारा. तीच फरशी सकाळी अभ्यासाची, दुपारी जेवणाची, रात्री अंथरुणांची. ते जमायचं कारण मधे काही नसायचंच. वळकट्या ट्रंकांवर, ट्रंका कॉटखाली. कॉट एकच, ती आजोबांची, आणि तिच्यावर बसायचं तर त्यांना विचारून. (निम्मे पुरुष बाहेर गॅलरीत झोपायचे, हेही चाळीच्या आठवणी काढताना सांगत जावं.)

आता दादाची बेडरूम दहा बाय दहा. सहा बाय सहाचा बॉक्स-बेड म्हणजे ३६ चौरस फूट. अख्ख्या भिंतीला दोन फूट खोल कपाट, म्हणजे आणखी २०. निम्म्याहून जास्त खोली गेली, ती वर्षातून एकदा निघणाऱ्या गाद्या आणि लग्नात मिळालेले डिनर सेट ठेवायला!

माझं मत विचाराल तर कपाट निम्मं करा आणि टीव्ही तिथे न्या. हॉलमधला सोफा काढा. खिडकीशी तीन बाय सहाची साधी कॉट, दीड फूट उंच, म्हणजे उठताना गुडघ्यांना त्रास नाही. बाजूने पडदा. पाहुणे काय, खुर्च्यांवर बसतील.

सुतार सोमवारी येतोय. दादा, वहिनी, वाचत असालच, तर त्याआधी फोन करा. आणि आईला विचारलंत तर ती "मला कुठेही चालेल" म्हणणार. ते उत्तर धरू नका.